धरणाकाठचा सायकलमार्ग निवडताना

पुणे, मुंबई आणि नाशिककडचे जे सायकलस्वार शहराबाहेरच्या पहिल्या मोठ्या फेरीचा विचार करतात, त्यांच्या मनात बहुतेक वेळा एखाद्या धरणाच्या जलाशयाचे चित्र असते आणि त्याबरोबर काही ठरलेले प्रश्नही असतात : पानशेत सोपे की पवना, मुळशीला पावसाळ्यात जावे की हिवाळ्यात, भंडारदऱ्याची पूर्ण प्रदक्षिणा एका दिवसात होते का, घरी आहे ती सायकल पुरेल का, आणि वाटेत बरेवाईट घडलेच तर सायकलस्वाराला कायद्याचा आधार कितपत आहे. यांपैकी पहिल्या काही प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो. साठलेल्या पाण्याची पातळी सगळीकडे सारखी असते, म्हणून त्याच्या कडेने जाणारा रस्ताही सपाट असणार, असे गृहीत धरून केवळ अंतराचा आकडा पाहिला जातो, आणि मग घरी सपाट रस्त्यावर ८० किलोमीटर सहज जाणारा सायकलस्वार पन्नासाव्या किलोमीटरला रस्त्याकडेला बसलेला आढळतो. सह्याद्रीतल्या जलाशयांकाठचा मार्ग किलोमीटरवरून निवडू नये. तो चढ, फेरीची दिशा आणि ऋतू या तीन गोष्टींवरून निवडावा.

काठाचा रस्ता सपाट का नसतो

घाटमाथ्यालगतची ही तळी निसर्गाने घडवलेली नाहीत. नदीच्या दरीत अरुंद जागा पाहून आडवी भिंत घातली आणि भिंतीमागची दरी पाण्याने भरली, अशी त्यांची घडण आहे. दरीतली सर्वांत सपाट जागा तळाशी असते. जुनी गावे, त्यांना जोडणाऱ्या गाडीवाटा आणि भाताची खाचरे तिथेच होती आणि तीच पाण्याखाली गेली. नंतर आखलेला रस्ता डोंगराच्या उतारावरून न्यावा लागला. हा उतार सलग नसतो. डोंगरापासून पाण्याकडे उतरत आलेल्या लांबट धारा, ज्यांना सोंडा म्हणतात, आणि दोन सोंडांमधून वाहणारे ओढे यांनी तो तुटलेला असतो. त्यामुळे रस्ता प्रत्येक सोंडेवर चढतो, प्रत्येक ओढ्यापाशी उतरतो, आणि नकाशावर समोरासमोर दिसणाऱ्या दोन वस्त्यांमध्ये आत वळत जाऊन दुप्पट लांबतो.

यातला एकेक चढ लहान असतो आणि म्हणूनच तो फसवतो. मोठ्या घाटात सायकलस्वार मनाने आणि गिअरने तयार असतो, पण काठाच्या रस्त्यावर तो प्रत्येक चढ जोर लावून एका दमात काढतो आणि दोन तासांत पायातले बळ संपवून बसतो. असे चढ बसूनच, हलक्या गिअरमध्ये, पायडल सावकाश पण अखंड फिरवत काढावेत.

हिशेब अंतराचा नव्हे, वेळेचा करावा

निघण्यापूर्वी मार्ग नकाशाच्या एखाद्या अ‍ॅपवर आखून दोन आकडे टिपून घ्यावेत. पहिला एकूण चढ, म्हणजे वाटेतल्या लहानमोठ्या सर्व चढांच्या उंचीची बेरीज. दुसरा सर्वांत तीव्र चढाची टक्केवारी. शंभर मीटर पुढे जाताना रस्ता आठ मीटर वर जात असेल, तर तो आठ टक्क्यांचा चढ होय. चार टक्क्यांपर्यंतचा चढ बोलत बोलत निघतो, आठ टक्क्यांना बोलणे थांबते, आणि बारा टक्क्यांच्या पुढे नवख्याने सायकल हातात धरून चालणे हाच शहाणपणा असतो. त्यात कमीपणा काहीच नाही.

वेळेचा ढोबळ अंदाज पुढीलप्रमाणे काढता येतो. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरची सवय असलेल्याने अंतराला २० ने भागावे, एकूण चढातल्या प्रत्येक १०० मीटरमागे सहा ते आठ मिनिटे मिळवावीत आणि शेवटी थांबण्याचा वेळ धरावा. उदाहरणार्थ, ८० किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर एकूण चढ असलेल्या फेरीला चार तास अधिक सुमारे एक तास अधिक थांबे, म्हणजे सहा तास लागतात. डिसेंबरअखेरीस पुण्यात सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहानंतर लगेच मावळतो, त्यामुळे दुपारी निघून ही फेरी उजेडात उरकण्याची आशा धरू नये. दीर्घ पल्ल्याच्या ब्रेव्हे या प्रकारात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास दिले जातात, म्हणजे थांबे धरून ताशी जेमतेम १५ किलोमीटर. अनुभवी लोकांसाठी आखलेल्या या मुदतीवरूनही डोंगराळ भागात किती वेग धरावा याची कल्पना यावी.

चढ कुठे येतो हेही तितकेच महत्त्वाचे आहे. महाबळेश्वरहून तापोळ्याला, म्हणजे कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला, सायकल जवळजवळ आपोआप उतरते. परंतु महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे आणि शिवसागराची पूर्ण भरल्यावरची पातळी सुमारे ६६० मीटर आहे, तेव्हा सकाळी मिळालेला हा जवळपास ७०० मीटरचा उतार दुपारच्या उन्हात, थकल्या पायांनी चढावा लागतो. ज्या फेरीत उतार आधी आणि चढ शेवटी आहे, ती नवख्याने पहिल्या वर्षी टाळावी, किंवा परतीसाठी वाहनाची सोय आधी करूनच जावे.

चार मार्ग, सोप्याकडून अवघडाकडे

खडकवासला ते पानशेत. स्वारगेटपासून पानशेत सुमारे ४० किलोमीटर आहे आणि पहिल्या फेरीसाठी हाच रस्ता योग्य ठरतो. धरणाची भिंत मागे पडल्यावर रस्ता जलाशयाच्या दक्षिण काठाने डोणजे फाटा, गोऱ्हे, खानापूर असा पश्चिमेकडे जातो आणि पानशेतपाशी दोन धरणे जवळजवळ येतात : आंबी नदीवरचे पानशेत, ज्याच्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात, आणि मोसे नदीवरचे वरसगाव, ज्याला वीर बाजी पासलकरांचे नाव आहे. चढ सौम्य आहेत, चहा-पोह्यांची सोय वारंवार आहे आणि कुठूनही मागे फिरता येते. खरी अडचण गर्दीची आहे. शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसे आणि भजी खायला आलेल्या गाड्यांची दुतर्फा रांग लागते, आणि उभ्या गाडीचे दार अचानक उघडणे हा तिथला सर्वांत मोठा धोका असतो. सकाळी आठच्या आत ही जागा ओलांडावी, आणि परतताना गर्दी जमली असल्यास उभ्या गाड्यांपासून हातभर अंतर सोडून, वेग कमी ठेवून जावे. खानापूरहून पाबे घाटाने वेल्ह्याकडे जाणारा फाटा मोहात पाडतो, पण तो वेगळ्या तयारीचा रस्ता आहे.

मुळशी. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड असे पश्चिमेला गेल्यावर मुळा नदीवरचे मुळशी धरण येते आणि पुढे हाच रस्ता जलाशय उजव्या हाताला ठेवून ताम्हिणी घाटाकडे जातो. पौडपर्यंतचा भाग सायकलसाठी सुखाचा नाही. पिरंगुट परिसरातल्या कारखान्यांमुळे मालवाहू वाहने सतत असतात आणि पिरंगुटच्या लहान घाटात ती सायकलीच्या अगदी जवळून जातात. हा टप्पा पहाटेच पार करावा, किंवा सायकल गाडीने पौडपर्यंत नेऊन तिथून सुरुवात करावी. पौडनंतर मात्र रस्ता मोकळा होत जातो. ताम्हिणी गावापर्यंत जाऊन मागे फिरणे ही पूर्ण दिवसाची चांगली फेरी आहे; घाट उतरून विळ्याकडे कोकणात गेल्यास तोच घाट परत चढावा लागेल, हे उतरण्याआधी लक्षात घ्यावे.

पवना. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या चार किल्ल्यांच्या मधोमध असलेला हा जलाशय दिसायला या सर्वांत देखणा आहे. इथे पोहोचण्याच्या दोन वाटा सोयीच्या आहेत : कामशेतहून पवनानगर, आणि पौडहून कोळवण, जवण, तिकोनापेठमार्गे पवनानगर. दुसरी वाट लांब असली तरी भातशेतीतून जाणारी आणि कमी रहदारीची आहे, म्हणून तिलाच पसंती द्यावी. लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीतून येणारा रस्ता तीव्र उताराचा आणि वळणांचा आहे. ब्रेकवर पूर्ण भरवसा नसेल तर त्या बाजूने उतरू नये. तुंगाच्या अंगाने घुसळखांबकडे निघून जलाशयाला वळसा घालता येतो, परंतु त्या बाजूच्या रस्त्याची स्थिती दर पावसाळ्यानंतर बदलते, म्हणून पवनानगरमध्ये स्थानिकांना विचारून मगच पुढे जावे. मुंबईहून येणाऱ्यांनी द्रुतगती मार्गाचा विचारही करू नये; त्यावर सायकलींना आणि दुचाकींना बंदी आहे, आणि जुन्या महामार्गानेच यावे लागते.

भंडारदरा प्रदक्षिणा. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर १९१० ते १९२६ या काळात बांधलेले विल्सन धरण आणि त्यामागचा आर्थर जलाशय यांना पूर्ण वळसा घालणारा रस्ता आहे. महाराष्ट्रात सायकलने करण्याजोग्या काठच्या फेऱ्यांमध्ये हिची बरोबरी करणारी फेरी सापडणे कठीण. अंतर ४० ते ४५ किलोमीटरच असल्यामुळे ती अर्ध्या दिवसाची वाटते, परंतु रस्त्याची स्थिती आणि सोंडांचे चढउतार पाहता तिला पूर्ण दिवस द्यावा. घोटीहून बारीमार्गे धरणालगतचे शेंडी गाव सुमारे ३५ किलोमीटर आहे, आणि वाटेत महाराष्ट्रातले सर्वांत उंच, १,६४६ मीटरचे कळसूबाई शिखर डाव्या-उजव्या वळणांतून दिसत राहते. आदल्या दिवशी घोटीहून शेंडीपर्यंत येऊन तिथे मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी प्रदक्षिणा घालावी आणि तिसऱ्या दिवशी परत निघावे, ही या मार्गाची योग्य विभागणी होय.

प्रदक्षिणेचा क्रम शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि पुन्हा शेंडी असा ठेवावा. घाटघरला सह्याद्रीचा कडा थेट कोकणात तुटतो. इथे पाणी वरच्या आणि खालच्या अशा दोन जलाशयांत खेळवून वीज तयार करणारा २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. साम्रदला सांदण दरीचे तोंड आहे, पण दरीत उतरण्याचा बेत त्याच दिवशी आखू नये. ती पायी करण्याची वेगळी मोहीम आहे आणि पावसात प्राणघातक आहे. रतनवाडीला रतनगडाच्या पायथ्याशी अमृतेश्वराचे कोरीव शिल्पांचे प्राचीन मंदिर आहे, आणि जेवणासाठी थांबायला ही जागा सर्वांत चांगली. भाकरी-पिठले मिळते, मात्र ते सांगितल्यावर केले जाते, तेव्हा पोहोचताच सांगून ठेवावे आणि मग मंदिर पाहावे. शेंडी सोडल्यावर सायकल दुरुस्तीची सोय गृहीत धरू नये, आणि मोबाइलचे नेटवर्कही अनेकदा जाते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. बहुतेक मार्ग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरातून जातो. नाक्यावर प्रवेशशुल्क घेतले गेल्यास पावती मागून घ्यावी; ती मागण्याचा आपल्याला अधिकार आहे.

फेरी कोणत्या बाजूने घालावी

आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने प्रदक्षिणा घातली, तर जलाशय डाव्या हाताला राहतो आणि सायकलस्वार व पाणी यांच्यामध्ये रहदारी येत नाही. वर दिलेला भंडारदऱ्याचा क्रम असाच आहे. त्याचा दुसरा फायदा असा की धरणाची भिंत पूर्वेला असल्याने सकाळी पश्चिमेकडे जाताना ऊन पाठीवर राहते, आणि दुपारी दक्षिण काठाने पूर्वेला परतताना मावळतीकडचा सूर्य डोळ्यांत येत नाही. तोटा एकच आहे : कठडा नसलेल्या जागी दरीची कड जवळ असते. धुके, पाऊस किंवा रस्त्याच्या कडा खचल्याची बातमी असेल, तर उलट्या दिशेने, म्हणजे डोंगराच्या कडेने जावे. मात्र पावसाळ्यात त्या कडेला वरून दगडमाती येते, हेही विसरू नये.

वाऱ्याचाही विचार करावा. जून ते सप्टेंबर या काळात वारा पश्चिमेकडून जोराने वाहतो, आणि पुण्याहून मुळशी, पवना किंवा पानशेतला जाणारा सायकलस्वार नेमका पश्चिमेकडे निघालेला असतो. जाताना वेग अपेक्षेपेक्षा बराच कमी भरला म्हणून खचून जाण्याचे कारण नाही, कारण परतताना तोच वारा पाठीशी येतो.

ऋतू

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्व दृष्टींनी उत्तम होय. जलाशय भरलेले असतात, आकाश स्वच्छ असते आणि पहाटेची थंडी उन्हाला झेपण्याजोगे करते. मार्चनंतर पाणी उतरत जाते आणि मे महिन्यात अनेक ठिकाणी काठाऐवजी भेगाळलेला गाळ दिसतो. सौंदर्यासाठी निघालेल्यांची तेव्हा निराशा होते. मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भंडारदऱ्याला काजवे पाहायला रात्री गाड्यांची रीघ लागते. त्या दिवसांत अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर सायकल नेऊ नये, स्वतःच्या जिवासाठी आणि काजव्यांसाठीही, कारण प्रखर दिव्यांनी त्यांच्या लुकलुकण्यात, म्हणजे जोडीदार शोधण्याच्या खुणेत, व्यत्यय येतो.

पावसाळ्याबद्दल मात्र भीड न ठेवता सांगितले पाहिजे. समाजमाध्यमांवरची हिरवीगार छायाचित्रे जुलै-ऑगस्टमधली असतात आणि त्याच महिन्यांत ताम्हिणी व घाटघर परिसरात पाऊस दिवसेंदिवस थांबत नाही. अनुभव नसलेल्याने पावसाळ्यात खडकवासला-पानशेतच्या पुढे जाऊ नये. जाणाऱ्यांनी पुढील धोके ओळखून असावेत :

- फरशी पुलावरून, म्हणजे ओढ्याच्या पात्रालगत बांधलेल्या कमी उंचीच्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर ते घोटाभर दिसले तरी ओलांडू नये. धरणातून विसर्ग सोडल्यावर खालच्या बाजूचे पाणी पाऊस नसतानाही अचानक वाढते.
- भाताच्या लावणीच्या दिवसांत शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर चिखलाचा थर बसतो. त्यावर ब्रेक दाबू नये आणि वळूही नये. वेग आधीच कमी करून सरळ जावे.
- झाडाखालच्या काँक्रीटवर शेवाळ धरते आणि ते कोरड्यासारखेच दिसते.
- धुक्यात मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा.

कापणीनंतरच्या दिवसांत धोका वेगळा असतो. मावळ-मुळशीत रस्त्याच्या कडेला भात आणि पेंढा वाळत घातलेला दिसतो. त्यावरून सायकल नेल्यास चाक घसरते आणि एखाद्याच्या वर्षभराच्या अन्नाची नासाडी होते. अशा जागी थांबून मागचे वाहन जाऊ द्यावे आणि मग बाजूने जावे.

सायकल आणि सोबतचे सामान

महागडी सायकल लागत नाही. चढाला पुरेसा हलका गिअर आणि खात्रीचे ब्रेक लागतात. पुढच्या सर्वांत लहान दातेरी चक्राचे दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दात मोजावेत. दोन्ही ३४ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरते, आणि एवढा हलका गिअर या चारही मार्गांना पुरतो. मागे २८ च दात असतील तर सवय नसलेल्याचे गुडघे दुखू लागतात; दुकानदाराकडून मागची चक्रे बदलून घेण्याचा खर्च नव्या सायकलीपेक्षा कितीतरी कमी येतो. टायर २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे असावेत, कारण काठाच्या रस्त्यांवर खड्डे आणि न रंगवलेले गतिरोधक नेहमीचेच असतात.

पंक्चरचे सामान सर्वजण घेतात, पण एक लहान वस्तू विसरतात. रोड सायकलींच्या ट्यूबना अनेकदा प्रेस्टा प्रकारचा बारीक व्हॉल्व्ह असतो, तर गावातल्या पंक्चरच्या दुकानातली हवेची नळी मोटारसायकलीच्या जाड, म्हणजे श्रेडर, व्हॉल्व्हसाठी असते. दोन्ही जोडणारे पितळी टोपण काही रुपयांना मिळते आणि चिमटीत मावते. ते नसेल तर दुकान समोर असूनही हवा भरता येत नाही. त्याखेरीज पुढील सामान पुरेसे आहे :

- दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, हातपंप आणि षटकोनी पान्यांचा संच
- हेल्मेट, पुढचा पांढरा व मागचा लाल दिवा
- दोन बाटल्या पाणी आणि ओआरएसची पाकिटे. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट प्यावे
- केळी, चिक्की, शेंगदाणा-गुळाचे लाडू. पहिला तास संपण्याआधीच खाण्यास सुरुवात करावी
- ओळखपत्र, सुटे पैसे, आणि रक्तगट व घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी

रेल्वेने सायकल नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की ती प्रवासी डब्यात नव्हे तर ब्रेकव्हॅनमध्ये नोंदवून न्यावी लागते. त्यासाठी चढण्याच्या आणि उतरण्याच्या स्थानकावर पार्सलची सोय आहे का, आणि गाडी तिथे पुरेशी थांबते का, हे आधी पार्सल कार्यालयात विचारावे. भंडारदऱ्यासाठी म्हणूनच इगतपुरी हे मोठे स्थानक सोयीचे पडते.

काठ कोणाचा

जलाशयाचा काठ मोकळा दिसतो म्हणून तो कोणाचाही नाही, असे समजू नये. धरणाची भिंत आणि तिच्या लगतचा भाग प्रतिबंधित असतो, तिथे जाण्यास व छायाचित्रे काढण्यास मनाई असते. खडकवासल्याच्या पलीकडच्या काठाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची हद्द आहे आणि तिथे परवानगीशिवाय प्रवेश नाही. पाण्यात उतरण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. दरी बुडून झालेल्या जलाशयात काठापासून दोन पावलांवर तळ एकदम खोल जातो, गाळात पाय रुततो, आणि दमलेल्या, तापलेल्या शरीराला गार पाण्यात गोळे येतात.

उरलेला काठ शेतांचा आहे, आणि ती शेते बहुधा अशा कुटुंबांची आहेत ज्यांच्या चांगल्या जमिनी पाण्याखाली गेल्या. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधायला घेतले, तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झाले आणि गावे बुडाली. ज्या पाण्याकडे पाहण्यासाठी आपण शहरातून येतो, त्याची किंमत या गावांनी मोजली आहे. म्हणून बांध ओलांडताना विचारावे, विहिरीचे पाणी मागून घ्यावे, चहा-जेवण गावातच घ्यावे आणि चिक्कीचा कागदही परत न्यावा. वस्तीतून जाताना कुत्री मागे लागल्यास वेग वाढवण्याऐवजी उतरावे, सायकल मध्ये धरावी आणि चालत पुढे जावे. बहुतेक कुत्री तिथेच थांबतात.

अपघात झाल्यास हक्क कोणते

सायकल हे मोटार वाहन नाही, त्यामुळे तिला परवाना, नोंदणी किंवा विमा लागत नाही. यातूनच असा समज पसरला आहे की सायकलस्वाराला भरपाईही मिळत नाही. तो साफ चुकीचा आहे. मोटार वाहनाच्या धडकेने जखमी झालेला सायकलस्वार कायद्याच्या भाषेत त्रयस्थ पक्ष ठरतो, आणि अशा त्रयस्थांसाठीच प्रत्येक मोटार वाहनाचा विमा सक्तीचा आहे.

पहिली काही मिनिटे उपचारांची. ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर फोन करावा आणि गावाच्या नावाबरोबर जवळचा किलोमीटरचा दगड किंवा फाटा सांगावा. पोलिसांचे कागद होईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळतात. मदतीला धावलेल्या वाटसरूला त्याच्या इच्छेविरुद्ध साक्षीत गुंतवता येत नाही. हे गावकऱ्यांना सांगितल्यास संकोच कमी होतो.

तक्रारीच्या बाबतीत हद्दीचे कारण ऐकून घेऊ नये. ताम्हिणीच्या रस्त्यावर पुणे आणि रायगड, घोटी-भंडारदऱ्याच्या वाटेवर नाशिक आणि अहिल्यानगर असे जिल्हे बदलतात, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि ते ठाणे ती योग्य ठाण्याकडे पाठवते. याला झिरो एफआयआर म्हणतात. त्याची प्रत माहिती देणाऱ्याला विनामूल्य मिळते.

मोटार वाहन कायद्याखाली भरपाईचे मार्ग तीन आहेत आणि त्यांतला कोणता धरावा हे धडक देणारे वाहन सापडले की नाही यावर ठरते :

- वाहन माहीत असेल आणि चालकाची चूक दाखवता येत असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे कलम १६६ खाली पूर्ण नुकसानीचा दावा करता येतो.
- चूक सिद्ध करण्याच्या भानगडीत पडायचे नसेल, तर कलम १६४ खाली ठरावीक रक्कम मिळते : मृत्यू झाल्यास पाच लाख, गंभीर दुखापतीत अडीच लाख रुपये.
- वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी कलम १६१ च्या योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात.

दुरुस्त कायद्याने दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा बरे वाटण्याची वाट पाहत बसू नये. मोटार वाहनाचा संबंध नसलेल्या अपघाताला, म्हणजे शेवाळावर घसरून किंवा खड्ड्यात चाक अडकून पडल्यास, यांतले काहीच लागू होत नाही. त्यासाठी स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा असावा आणि त्यात सायकलिंग वगळलेले नाही ना, हे कागदावर वाचून घ्यावे.

मोडलेली सायकल पंचनामा होईपर्यंत दुरुस्त करू नये, तडा गेलेले हेल्मेट टाकून देऊ नये, आणि हातपाय चालत असतील तर धडक देणाऱ्या वाहनाच्या क्रमांकाचे, रस्त्यावरच्या खुणांचे आणि उभ्या असलेल्या माणसांच्या संपर्काचे टिपण जागेवरच करून घ्यावे.